न्यू ऑर्लिन्सचा रस्ता आणि रेडिओवरचा ठेका

अंत्ययात्रा चालली आहे. पुढे पितळी वाद्यांचा बँड आणि मागे छत्र्या उघडून, रुमाल हवेत फिरवत नाचणारी माणसं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातली अशी एखादी चित्रफीत अधूनमधून फिरत फिरत आपल्यापर्यंत येते आणि पाहणारा चक्रावतो. माणूस गेलाय, आणि हे नाचतात कसे?

आता दुसरी गोष्ट. १९६९ साली अमेरिकन रेडिओवर ‘सिसी स्ट्रट’ नावाची तीन मिनिटांची एक धून गाजली. तिच्यात गाणारं कोणी नाही. ऑर्गन, गिटार, बेस गिटार आणि ड्रम एवढीच वाद्यं. वाजवणारे चौघे न्यू ऑर्लिन्सचे, त्यांच्या बँडचं नाव ‘द मीटर्स’. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची जी ‘रिदम अँड ब्लूज’ यादी असायची, तिच्यात ही धून चौथ्या क्रमांकापर्यंत गेली आणि देशाच्या सर्वसाधारण यादीत तेविसाव्या. फंक या संगीतप्रकाराचा पाया घालणाऱ्या मोजक्या धुनांमध्ये आज तिचं नाव घेतात.

या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे. ज्या रस्त्यांवरून त्या मिरवणुका निघत, तिथेच हा ठेका तयार झाला. आणि जगभरचे श्रोते या ठेक्यावर मान डोलावू लागले, नेमक्या त्याच वर्षांत तो ठेका घडवणाऱ्या लोकांच्या पायाखालचा रस्ता काढून घेतला जात होता. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यासाठी सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

सेकंड लाइन म्हणजे काय?

मिरवणुकीचे दोन भाग असतात. पुढे बँड, ज्यांनी मिरवणूक काढली तो क्लब आणि अंत्ययात्रा असेल तर घरची माणसं. ही झाली पहिली ओळ. तिच्यामागे रस्त्यावरून येऊन मिसळणारे, आमंत्रण नसलेले सगळे लोक ही दुसरी ओळ, म्हणजेच सेकंड लाइन. पुढे त्या नाचालाही सेकंड लाइन म्हणू लागले आणि त्या ठेक्यालाही.

अंत्ययात्रेत दफनभूमीपर्यंत बँड संथ, जड भजनं वाजवतो. स्नेअर ड्रम, म्हणजे ज्याच्या तळाला तारा लावलेल्या असतात आणि ज्याचा आवाज ताशासारखा कडक निघतो तो ड्रम, त्याचा आवाज मुद्दाम दाबून ठेवतात. पावलंही सावकाश पडतात. दफन झालं, किंवा शववाहिकेला वाट करून देऊन लोक मागे थांबले, की ड्रम मोकळा होतो, कडकड वाजतो, आणि बँड जलद चालीवर येतो. नाच सुरू होतो तो इथे, त्याच्या आधी नाही. शोकाला त्याचा पूर्ण वेळ दिल्यानंतर, हा माणूस या जगातल्या कष्टांतून सुटला म्हणून त्याला वाजतगाजत निरोप द्यायचा, अशी ती रीत आहे. चित्रफितीत बहुतेक वेळा फक्त दुसरा भाग असतो, म्हणून पाहणारा गोंधळतो.

या मिरवणुका काढायचा खर्च कोण करायचं?

गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांना विमा कंपन्या दारात उभं करत नसत. आजारपण आलं, माणूस दगावला, तर पैसा आणायचा कुठून? म्हणून वस्तीतल्या लोकांनी मंडळं काढली. ही मंडळं म्हणजे साधारण आपल्याकडच्या भिशीसारखी. दर महिन्याला थोडी वर्गणी द्यायची आणि गरज पडेल त्याच्या घरी ती रक्कम जायची. फरक एवढाच, की इथे पैसे मिळण्याची पाळी चिठ्ठीवर ठरत नसे, संकटावर ठरे. डॉक्टर, औषध आणि शेवटी बँडसह सन्मानाची अंत्ययात्रा, हा सभासदाचा हक्क असे. या मंडळांना ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ म्हणतात. वर्षातून एका रविवारी क्लब आपली स्वतःची मिरवणूकही काढतो. नवे कपडे, पिसांचे पंखे आणि चार-चार तास चालणं आणि नाचणं. ज्या वस्तीला शहराने एरवी मागल्या दारात ठेवलं होतं, ती वस्ती त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालायची.

ठेका हातावर मोजून पाहा

आता थोडा वेळ हात मोकळे ठेवा. एक ते सोळा आकडे एकसारख्या वेगाने, न थांबता मोजा. १, ५, ९ आणि १३ या आकड्यांवर पाय आपटा. ही झाली साधी लष्करी कूच, डावा-उजवा, डावा-उजवा.

पाय तसेच चालू ठेवा आणि आता टाळ्या द्या १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांवर. पहिल्यांदा चुकेल, हळू करा. जमलं की लक्षात येईल की पाच टाळ्यांपैकी दोनच पावलावर पडतात आणि उरलेल्या तीन पाय हवेत असताना पडतात. शरीराला ते रिकामं राहिलेलं सहन होत नाही. खांदा हलतो, गुडघा वाकतो, कंबर मध्ये येते. चालता चालता नाच सुरू होतो तो असा. अजून एक घाव राहिला. दर सोळा आकड्यांच्या फेरीत पंधराव्यावर मोठ्या ढोलाचा, म्हणजे बेस ड्रमचा, एक जोरदार ठोका. फेरी संपायच्या जरा आधी पडणारा हा घाव पुढच्या फेरीत ढकलून देतो.

रस्त्यावरचे वादक यात शंभर फेरफार करतात, त्यामुळे ही काही त्यांची लिहिलेली पोथी नव्हे. पण कणा हाच आहे. तो आला आफ्रिकेतून, काही थेट आणि काही कॅरिबियन बेटांवरून. १८०९-१० मध्ये आजच्या हैतीतून क्युबामार्गे नऊ हजारांहून अधिक निर्वासित न्यू ऑर्लिन्सला आले, त्यांत गोरे होते, स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. या शहरात गुलामांना रविवारी एका मैदानात जमून ढोल वाजवता येत. १८१७च्या नगर कायद्याने अशा जमण्याला एकच जागा ठरवून दिली, ती पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. अमेरिकेत इतरत्र गुलामांचे ढोल बहुतेक ठिकाणी बंद पाडलेले होते. इथे ते वाजत राहिले, आणि युरोपीय लष्करी बँडची कूच त्यांच्या शेजारीच वाजत होती. दोन्ही एकमेकांत मिसळले.

दोन वादकांचं काम एका माणसाकडे

रस्त्यावरच्या ब्रास बँडमध्ये ड्रम वाजवणारे दोघे असतात. एकाच्या गळ्यात स्नेअर आणि दुसऱ्याच्या पोटावर बेस ड्रम, ज्याच्या डोक्यावर एक झांज बसवलेली असते. दोघे एकमेकांशी बोलतात. एक प्रश्न टाकतो, दुसरा उत्तर देतो.

स्टुडिओत मात्र ड्रमचा संच एकाच माणसापुढे असतो. हात-पाय मिळून दोघांचं संभाषण त्याला एकट्याला करायचं असतं. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी नेमकं हेच करून दाखवलं. १९४९च्या डिसेंबरमध्ये कॉसिमो मटासा यांच्या रँपार्ट स्ट्रीटवरच्या छोट्याशा स्टुडिओत फॅट्स डोमिनो यांचं ‘द फॅट मॅन’ ध्वनिमुद्रित झालं. ड्रमवर होते अर्ल पामर. लहानपणी टॅप डान्स करून रंगमंच गाजवलेला हा माणूस, त्यामुळे ताल आधी त्यांच्या पायांत होता आणि मग हातांत आला. पुढे त्यांनी लिटल रिचर्ड यांच्या गाण्यांना साथ केली आणि रॉक अँड रोल म्हणून जो ठेका जगभर गेला त्यावर त्यांचा ठसा उमटला.

तिथून वीस वर्षांनी द मीटर्सचे ड्रमवादक जोसेफ ‘झिगाबू’ मॉडेलिस्ट आले. १९४८चा जन्म, म्हणजे ‘सिसी स्ट्रट’च्या वेळी जेमतेम वीस-एकवीस वर्षांचे. ही धून ऐकताना फक्त ड्रमवर कान ठेवा. जिथे ठोका येणार असं वाटतं तिथे तो येत नाही आणि वाट पाहणं सोडलं की येतो. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेन्टेली आणि बेसवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर हे तिघे त्या मोकळ्या जागा भरून टाकत नाहीत. त्या तशाच मोकळ्या ठेवतात, कारण रस्त्यावर त्या जागा नाचणाऱ्याच्या असतात. बंद खोलीत वाजवलेल्या या संगीताने नाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी जागा राखून ठेवली आहे, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मग सगळं शहर एकत्र नाचत होतं का?

नाही. इथे मार्डी ग्रा समजून घ्यावं लागेल. ख्रिस्ती धर्मात ईस्टरच्या आधी लेंट हा उपवासाचा काळ येतो. तो सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत खाणंपिणं, मुखवटे, मिरवणुका असा कार्निव्हल चालतो. त्या शेवटच्या मंगळवारालाच मार्डी ग्रा म्हणतात. कॅथलिक फ्रेंचांबरोबर तो न्यू ऑर्लिन्सला आला आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात. पणजीत १९६५पासून किंग मोमोची जी चित्ररथांची मिरवणूक निघते, तिचं आणि न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीचं पंचांग एकच.

न्यू ऑर्लिन्समध्ये चित्ररथ काढणाऱ्या मंडळांना ‘क्रू’ म्हणतात. १८५७मध्ये कोमस आणि १८७२मध्ये रेक्स ही जुनी, श्रीमंत गोऱ्या लोकांची मंडळं सुरू झाली. त्यांच्या मिरवणुका सेंट चार्ल्स अव्हेन्यू आणि कॅनाल स्ट्रीट या हमरस्त्यांवरून जात. त्यांत कृष्णवर्णीयांना जागा होती ती रात्रीच्या मिरवणुकीत पेटते पलिते धरून चालण्याची. त्यांच्याकडे प्रेक्षक नाणी फेकत. रथावर मात्र त्यांना जागा नव्हती.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने कागदावर भेद संपवला. रस्त्यावर तो संपायला माणसांना चालून दाखवावं लागलं. १९६७मध्ये सेंट ऑगस्टिन या कृष्णवर्णीय कॅथलिक मुलांच्या शाळेचा ‘मार्चिंग हंड्रेड’ बँड, एडविन हॅम्प्टन यांच्या नेतृत्वाखाली, रेक्सच्या मिरवणुकीत वाजवत गेला. रेक्सबरोबर चालणारा तो पहिला कृष्णवर्णीय बँड. शाळकरी पोरं ती. गर्दीतून त्यांच्यावर बाटल्या आणि घाण फेकली गेली, शिव्या पडल्या. बँडने ओळ मोडली नाही. नंतरच्या काळात हाच बँड शहरातला सर्वांत लाडका झाला आणि त्याने कूच करणाऱ्या बँडला रेडिओवरची गाजती गाणी वाजवायची सवय लावली.

झुलू मंडळावरचा आक्षेप

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. १९०९पासून चालत आलेलं ‘झुलू’ नावाचं कृष्णवर्णीयांचं मंडळ मार्डी ग्राच्या दिवशी गवताचे घागरे नेसून, चेहऱ्याला काळा रंग लावून आणि ओठांभोवती पांढरा रंग ओढून निघतं आणि लोकांना नारळ वाटतं. गोऱ्या नटांनी ज्या वेषात कृष्णवर्णीयांची टर उडवली, तोच वेष स्वतः का घालायचा?

मंडळाचं म्हणणं असं, की आम्ही रेक्सच्या राजाची नक्कल करतो. तो सोन्याचा मुकुट घालतो, आमचा राजा सुरुवातीला पत्र्याच्या डब्याचा मुकुट घालायचा. थट्टा सिंहासनाची आहे, स्वतःची नाही. १९४९मध्ये जाझचे ख्यातनाम वादक लुई आर्मस्ट्राँग आनंदाने झुलूचा राजा झाले होते. पण १९६१मध्ये, दक्षिणेत तरुण मुलं उपाहारगृहांच्या टेबलांवर समान हक्कासाठी ठाण मांडून बसत असताना, शहरातल्याच अनेक कृष्णवर्णीय नागरिकांना हा वेष असह्य झाला. त्यांनी मिरवणुकीवर बहिष्काराचं आवाहन केलं. दशकभरात झुलूचे सभासद घटत सोळाच्या आसपास आले.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्या आईने मुलाला शाळेत धक्के खात पाठवलं, तिला रथावरचा तो रंगवलेला चेहरा पाहून संताप येणारच. आणि ज्या हमालाला वर्षभर कोणी नावाने हाक मारत नाही, त्याला एक दिवस राजा होण्याचा हक्क सोडवत नाही, हेही समजतं. मंडळ टिकलं. साठच्या दशकाच्या अखेरीस झुलूची मिरवणूक वस्तीच्या मागल्या रस्त्यांवरून निघून सेंट चार्ल्स आणि कॅनाल या हमरस्त्यांवर आली. त्याच सुमारास, १९६९मध्ये, बॅकस नावाच्या नव्या मंडळाने प्रचंड मोठे चित्ररथ आणि राजा म्हणून हॉलिवूडचे नट डॅनी के यांना आणून मिरवणुकीला पर्यटकांचा सोहळा करून टाकलं. पैसा शहरात आला. जुन्या श्रीमंत मंडळांनी दारं मात्र उघडली नाहीत. १९९२मध्ये नगर परिषदेने भेदभाव करणाऱ्या मंडळांना रस्ता नाकारायचं ठरवलं, तेव्हा कोमसने सभासदांची यादी उघड करण्यापेक्षा मिरवणूक बंद करणं पसंत केलं.

पिसांचे पोशाख आणि एका गाण्याची वाट

मार्डी ग्राच्या सकाळी वस्तीत आणखी एक मिरवणूक निघते, तिचा मार्ग कोणालाच आधी ठाऊक नसतो. हे ‘मार्डी ग्रा इंडियन’. कृष्णवर्णीय कारागीर, मजूर, रंगारी वर्षभर रात्री जागून मणी आणि पिसं शिवतात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धाटणीचा पोशाख घालून टोळीने निघतात. पळालेल्या गुलामांना मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्या उपकाराची ही आठवण आहे असं टोळीतले लोक सांगतात. पुढे टेहळ्या, त्याच्यामागे झेंडेवाला आणि सर्वांत मागे प्रमुख. हातात खंजिऱ्या, तोंडी सवाल-जवाबाची गाणी. एके काळी दोन टोळ्या समोरासमोर आल्या की चाकू निघत. यलो पोकाहोंटस टोळीचे प्रमुख ॲलिसन ‘टूटी’ मॉन्टाना यांनी ही लढाई सुईदोऱ्याकडे वळवली. कोणाचा पोशाख सुंदर, तो जिंकला.

दोन टोळ्यांच्या अशाच आमनेसामनेवर जेम्स ‘शुगर बॉय’ क्रॉफर्ड यांनी १९५३मध्ये ‘जॉक-अ-मो’ हे गाणं केलं. दहा-अकरा वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्याच ‘द डिक्सी कप्स’ या तीन मुलींच्या गटाने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मधल्या सुट्टीत, राखदाणीवर ड्रमच्या काड्या वाजवत ते सहज गायलं. निर्मात्यांनी टेप चालू ठेवली होती. १९६५मध्ये ‘इको इको’ या नावाने ते देशाच्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पुढे किती जणांनी किती वेळा गायलं त्याला गणती नाही. क्रॉफर्ड मात्र तोवर गाणं सोडून बसले होते. १९६३मध्ये लुइझियाना राज्यातच पोलिसांनी डोक्यात मारल्यामुळे ते जबर जखमी झाले होते. नंतर ते गायले ते चर्चमध्ये. गाण्याच्या हक्काचा वाटा मिळवायलाही त्यांना भांडावं लागलं.

ओक पाडले, खांब आले

आता या सगळ्याच्या मध्यभागी असलेल्या रस्त्याकडे येऊ. ट्रेमे ही कृष्णवर्णीयांची फार जुनी वस्ती. तिच्यातून नॉर्थ क्लेबॉर्न अव्हेन्यू जातो. या रस्त्याच्या मधोमध गवताचा रुंद पट्टा होता आणि त्यावर जुन्या ओक वृक्षांच्या रांगा. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची दुकानं, दवाखाने, औषधांची दुकानं, विमा कचेऱ्या, अंत्यसंस्काराची दुकानं. कॅनाल स्ट्रीटवर ज्यांना धड वागवत नसत, त्यांचा हा बाजार. मार्डी ग्राला कुटुंबं पहाटेपासून ओकांखाली चादरी अंथरत. झुलू तिथून जाई, इंडियन टोळ्या तिथे भेटत, बँड तिथे थांबत.

१९६६मध्ये हे वृक्ष पाडले. आय-१० या आंतरराज्य महामार्गाचा उंच पूल त्या पट्ट्यावरून न्यायचा होता. १९५६च्या महामार्ग कायद्यानुसार अशा रस्त्यांच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलत असे, त्यामुळे शहरांना असे मार्ग आखण्याचा मोह होताच. पूल झाला आणि खालची दुकानं एकेक करून बंद पडली. जवळच, काँगो स्क्वेअरच्या बाजूला, ट्रेमेतल्याच घरांच्या ओळी सांस्कृतिक संकुलासाठी जमीनदोस्त केल्या. संगीताचं कौतुक करण्यासाठी संगीतकारांची घरं पाडली गेली.

पण शहराला रस्ता हवाच होता ना?

हा आक्षेप रास्त वाटतो. वाहनं वाढली होती, बंदर होतं, पुरात सुटकेचे मार्ग हवे होते. कोणाचं तरी अंगण जाणारच, असं म्हणता येईल. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत, दुसरा एक उंच महामार्ग आखलेला होता. तो मिसिसिपी नदीच्या काठाने, पर्यटकांच्या लाडक्या फ्रेंच क्वार्टरला लागून जाणार होता. तिथल्या वारसाप्रेमी आणि मुख्यतः गोऱ्या, सुस्थितीतल्या नागरिकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. वकील लावले, वॉशिंग्टनपर्यंत गेले. १९६९मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्री जॉन व्होल्पे यांनी तो मार्ग रद्द केला. त्यावाचून शहर थांबलं नाही.

क्लेबॉर्नच्या लोकांकडे तेव्हा काय होतं? मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने देणारा कायदा १९६५चा, आणि कुऱ्हाड आली १९६६मध्ये. नगर परिषदेत पहिला कृष्णवर्णीय सदस्य बसला तो १९७५मध्ये. फ्रेंच क्वार्टर वाचलं याचा मला आनंदच आहे. पण एक रस्ता वाचू शकत होता, म्हणजे दुसराही वाचू शकत होता.

मग परंपरा संपली का?

संपली असती. साठच्या दशकात ब्रास बँडमधले वादक म्हातारे होत चालले होते, तरुणांना ते संगीत आजोबांचं वाटू लागलं होतं. १९६५मध्ये न्यूयॉर्कहून गावी परतलेले बँजोवादक डॅनी बार्कर यांनी सत्तरच्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये लहान मुलांचा बँड उभा केला. पुढच्या पिढीचे कितीतरी वादक तिथून निघाले. १९७७मध्ये ‘डर्टी डझन’ ब्रास बँड सुरू झाला आणि त्याने फंक रस्त्यावर आणलं. रस्त्यावरून स्टुडिओत गेलेला ठेका तुतारी-ट्रॉम्बोनच्या आवाजात पुन्हा रस्त्यावर आला.

१९७०च्या एप्रिलमध्ये काँगो स्क्वेअरवरच पहिला जाझ अँड हेरिटेज महोत्सव भरला. संयोजक जॉर्ज वाइन यांच्याशी शहराने याआधी १९६२मध्ये बोलणी केली होती, पण वर्णभेदाचे नियम चालू असलेल्या गावात गोऱ्या-काळ्या कलाकारांना एका मंचावर आणि एका हॉटेलात ठेवायचं कसं, यावर ती अडली होती. पहिल्या वर्षी जेमतेम साडेतीनशे माणसं आली. त्यांत याच शहरात जन्मलेल्या गायिका महालिया जॅक्सन होत्या. मैदानात युरेका ब्रास बँडची मिरवणूक चालली होती, वाइन यांनी जॅक्सन यांच्या हाती माइक दिला आणि त्यांनी बँडबरोबर अंत्ययात्रेतलंच एक भजन गायलं. आज हा महोत्सव जगातल्या मोठ्या संगीत महोत्सवांत गणला जातो. त्याच वर्षी वाइल्ड मॅग्नोलियाज या इंडियन टोळीचे प्रमुख बो डॉलिस यांची ‘हांडा वांडा’ ही ध्वनिमुद्रिकाही निघाली.

परवानगीचा कागद

रस्त्यावर मिरवणूक काढायची तर परवानगी लागते, पोलीस बंदोबस्ताचं शुल्क भरावं लागतं. त्यात वावगं काही नाही, असं कोणीही म्हणेल. गाड्या अडतात, गर्दी होते. प्रश्न शुल्क किती आणि कोणाला, हा आहे. २००५च्या कतरिना वादळानंतर वस्त्या रिकाम्या पडल्या होत्या, माणसं दूरच्या गावांहून फक्त मिरवणुकीसाठी येत होती, आणि तेव्हाच, एका मिरवणुकीनंतर झालेल्या गोळीबाराचं कारण देऊन, शहराने क्लबांचं शुल्क कैक पटीने वाढवलं. क्लब न्यायालयात गेले. आपली मिरवणूक ही अभिव्यक्ती आहे आणि घटनेने तिला संरक्षण दिलं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २००७मध्ये तडजोड होऊन शुल्क खाली आलं.

त्याआधी, २००५च्या मार्चमध्ये, इंडियन टोळ्यांच्या एका रात्रीच्या जमावावर पोलिसांनी दांडगाई केली होती. त्याबद्दल जूनमध्ये नगर परिषदेत सुनावणी झाली. ब्याऐंशी वर्षांचे टूटी मॉन्टाना बोलायला उभे राहिले. रस्त्यावर पोलिसांकडून काय काय सोसलं ते सांगत असतानाच ते कोसळले आणि गेले. बाकीच्या प्रमुखांनी तिथेच त्यांच्या टोळ्यांचं प्रार्थनागीत म्हटलं.

पूल आता पाडायचा का?

२०२१मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने पायाभूत सुविधांची मोठी योजना जाहीर केली, तेव्हा महामार्गांनी वस्त्या कशा तोडल्या याचं उदाहरण म्हणून क्लेबॉर्नचं नाव घेतलं. तेव्हापासून पुलाच्या भवितव्याची चर्चा पुन्हा रंगली आहे. पाडा, झाडं लावा, दुकानं परत येऊ द्या, असं एक मत. दुसरं मत ट्रेमेतल्याच अनेकांचं आहे. पूल गेला की जमिनीचे भाव चढतील, भाडी वाढतील आणि ज्यांच्यासाठी पूल पाडला तेच बाहेर फेकले जातील. वादळानंतर वस्तीत हे होताना त्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे ही भीती हवेतली नाही.

मधल्या पन्नास-साठ वर्षांत त्या खांबांवर लोकांनी ओक वृक्ष आणि वस्तीतल्या नामवंतांचे चेहरे रंगवले. रविवारची मिरवणूक पुलाखाली येते तेव्हा बँड मुद्दाम जोर लावतो, कारण वरच्या काँक्रीटवर आपटून पितळी आवाज दुप्पट होऊन परत येतो. नाचणारे त्या जागेची वाट पाहत असतात. यावरून कोणी म्हणेल, की बघा, पूल त्यांना आवडूही लागला. मी तसं म्हणणार नाही. पूल राहो की जावो, आजूबाजूच्या घरांची भाडी बांधून ठेवणं आणि दुकानांचे गाळे तिथल्याच लोकांच्या नावे करणं ही कामं पाडकामाच्या आधी करावी लागतील. १९६६मध्ये वस्तीला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी निविदा निघण्याआधी क्लबांच्या आणि टोळ्यांच्या प्रमुखांना टेबलाशी बसवणं, ही त्यांची मागणी आहे आणि ती मला पूर्णपणे पटते.